पाखरांचा रोग आणि आपली माणसं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गिरणी कामगार. शाळा नववीपर्यंत. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झालं. तेव्हा डॉक्टरसारखं मला बोलता येणार नाही. जे पाहिलं आणि वाचून समजून घेतलं, तेवढंच सांगतो.

मार्च २०२५ मध्ये आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव या भागात कावळे मरून पडू लागले. कोण म्हणालं ऊन लागलं, कोण म्हणालं पितरांचा कोप झाला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं, बर्ड फ्लू. म्हणजे कोप नव्हता, विषाणू होता.

त्याच दिवसांत पाळी संपवून येताना मी आपल्याच वस्तीतला एक पोरगा पाहिला. सफाईच्या कामावर आहे. मेलेला कावळा उघड्या हातानं उचलून पोत्यात टाकत होता. मी म्हणलं, "अरे, हातमोजे कुठं आहेत?" तो म्हणाला, "मामा, मागितलेत की. येतील म्हणाले." संध्याकाळी त्याच हातानं तो लेकराला घास भरवणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा विषय आज घेतला.

हा रोग मूळ पाणपक्ष्यांचा. पुष्कळदा तो त्यांच्या पोटात राहतो, पण त्यांना काही होत नाही. विष्ठेतून तो पाण्यात येतो, तिथून कोंबड्यांना लागतो. मेलेलं पाखरू कावळ्यानं खाल्लं की कावळाही मरतो. महाराष्ट्रात फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो कोंबड्यांत सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. वाघालाही जो सोडत नाही, तो माणसाला सोडेल असं कसं समजायचं?

माणसाला तो सहजासहजी लागत नाही, हे खरं. एका माणसाकडून दुसऱ्याकडे तर फारच क्वचित जातो. पण लागला तर जिवावर बेततो. मार्च २०२५ मध्येच आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी यानं दगावली. तिला कच्च्या कोंबडीचा तुकडा खायला दिला होता.

आता सिंधुदुर्गाकडे बघा. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापानं माणसं आजारी पडली. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा रोग. तो गोचिडीतून येतो. ती चावते कुणाला? सरपणाला जाणाऱ्या बाईला, काजूच्या बागेतल्या मजुराला.

बंधूंनो, माझं म्हणणं एवढंच आहे. रोग जात विचारत नाही, पण काम विचारतो. मेलेल्या जनावराच्या सगळ्यात जवळ कोण असतं, ते तो बघतो. आणि जवळ आपली माणसं असतात. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. तोच स्वाभिमान आज म्हणतो, हातमोजे आणि मास्क मिळाल्याशिवाय मेलेलं पाखरू उचलणार नाही. ही भीक नव्हे, कामगाराचा हक्क आहे.

मग करायचं काय? मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, महापालिकेला किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवा. कोंबडी आणि अंडी पूर्ण शिजवून खा, त्यात विषाणू मरतो. कच्चं मांस हाताळल्यावर साबणानं हात धुवा. पाखरांच्या संपर्कानंतर ताप, खोकला, दम लागला तर डॉक्टरांना तो संपर्क सांगा, लपवू नका. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला वाळीत टाकू नका. त्याचा धंदा त्या वेळी बसला, त्याचा काय गुन्हा? वाळीत टाकलं की माणूस रोग लपवतो, आणि लपलेला रोग वाढतो.

तशीच उजनीवर येणारी पाखरं. त्यांना हुसकून, मारून रोग जात नाही, उलट दुसरीकडे पसरतो.

शेवटी एकच आठवण. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. तोही उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसात आलेला. माणसं घरची आजारी माणसं टाकून पळत होती. तेव्हा सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्याजवळ हातमोजे नव्हते, औषध नव्हतं. आज दोन्ही आहे. मग आपल्या पोराचा हात उघडा का?

पुढच्या रविवारी सफाईच्या कामावरच्या सगळ्यांनी विहारात यावं. मागणीचा अर्ज मी लिहून आणतो, सह्या तुम्ही करा.

जय भीम.