बाजाराची पिशवी

बाजारास निघतांना खुंटीवरची पिशवी काढून हातांत घेणें ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे, कीं तिच्यासाठीं सरकारास कायदा करावा लागेल असें पन्नास वर्षांपूर्वीं कोणी म्हटलें असतें, तर त्याचें हसेंच झालें असतें. त्या काळीं जळगांवच्या दाणाबाजारांतून अथवा धुळ्याच्या पांच कंदील भागांतून घरीं परतणाऱ्या गृहस्थाच्या एका हातांत मांजरपाटाची पिशवी व दुसऱ्या हातांत तेलाची बरणी असावयाची. डाळ, साखर, जिरें कागदी पुड्यांतून मिळे. पुडा सोडला कीं सुतळी गुंडाळून ठेवली जाई आणि कागद चुलींत जाई. मागें कांहीं उरत नसे.

मुठीसकट एकसंध अशा प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना स्वीडन देशांत निघाली. स्टेन गुस्टाफ थुलिन यांच्या त्या पिशवीस १९६५ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. गेल्या शतकाच्या अखेरीस ती खानदेशच्या आठवडे बाजारांतहि पोंचली. तिचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. पावसांत कागद फाटतो, ती फाटत नाहीं. ओली मेथी व भरताचीं वांगीं एकत्र नेलीं तरी साडीला डाग पडत नाहीं. शिवाय ती फुकट मिळे! रिकाम्या हातानें बाजारास जाण्याची संवय तिनें लावली, आणि एका पिढींत खुंटीवरची पिशवी नाहींशी झाली.

परंतु ज्या गुणानें ती टिकाऊ, तोच तिचा दोष. घटकाभर वापरलेली वस्तु कुजत नाहीं. ती गटारांत अडकते, उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटांत जाते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबई जलमय झाली, तेव्हां पाणी तुंबण्याच्या कारणांत या पिशव्यांचीहि गणना झाली. २००६ सालीं महाराष्ट्रांत ५० मायक्रॉनहून पातळ पिशवीस मनाई करण्यांत आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीवाल्या बाईनें तो कोणत्या मापानें मोजावा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें राज्यानें जाडीचा वादच मिटविला आणि हातांत धरून नेण्याची प्लास्टिकची पिशवी, जाड असो वा पातळ, बंद केली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून अंमल सुरू झाला. पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंडासह तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा ठरली. अंमल सुरू होऊन फार दिवस लोटले नाहींत तोंच किराणा दुकानदारांस, रिकामें वेष्टन परत गोळा करण्याच्या अटीवर, जाड प्लास्टिकांत माल बांधून देण्याची मोकळीक मिळाली.

या नियमाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाहीं. ज्याच्या मोटारींत चार पिशव्या पडून असतात, त्याला कायदा जाणवतहि नाहीं. उलट रोजंदारीवरील मजूर सकाळीं घराबाहेर पडतो, तेव्हां आज काम मिळेल कीं नाहीं हेंच त्याला ठाऊक नसतें. मग पिशवी व तेलाची बाटली तो बरोबर कशी नेणार? संध्याकाळीं हातीं पैसे पडल्यावर थोडें तेल, पसाभर डाळ व चार कांदे घ्यावयाचे असतात. भाजीवालीची अडचण याहून अवघड. पिशवी दिली तर दंडाचें भय. न दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या हातगाडीकडे वळतें. कित्येकदां तिच्या टोपलींतील सारी भाजी विकली तरी पांच हजार रुपये उभे राहत नाहींत. आणि समोरच्याच दुकानांत बिस्किटें व शांपू प्लास्टिकच्या चकचकीत वेष्टनांत उजळ माथ्यानें विकले जातात!

ही तक्रार निराधार नाहीं. तथापि त्या वेष्टनावर कारखानदाराचें नांव असतें, आणि तें परत गोळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं त्याच्यावर टाकलेली आहे. ती कितपत पाळली जाते हें पाहणें सरकारचें काम. पण पातळ पिशवीला धनीच नसतो. कचरा वेंचणाराहि ती उचलीत नाहीं, कारण एक किलो वजन भरण्यास शेंकडों पिशव्या वेंचाव्या लागतात.

जळगांवास प्लास्टिकचा सरसकट तिरस्कार करणें शोभणारहि नाहीं. केळीच्या बागांना थेंबथेंब पाणी देणारी नळी प्लास्टिकचीच, आणि येथील चटईचे कारखाने जुन्या प्लास्टिकला पुन्हां कामास लावतात. तेव्हां आक्षेप पदार्थावर नसून क्षणभर वापरून फेंकून देण्याच्या वृत्तीवर आहे.

कापडाच्या पिशवीलाहि हाच न्याय लागू आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें २०१८ सालीं केलेला हिशेब असा, कीं केवळ हवामानाचा विचार केला तरी नव्या सुती पिशवीचा निदान ५२ वेळां उपयोग व्हावा, तेव्हां ती प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते; पाणी, खत वगैरे सारें धरल्यास हा आंकडा हजारोंवर जातो. त्या हिशेबांत रस्त्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा दोष धरलेला नाहीं, हें खरें. पण कपाशीला पाणी व औषधें किती लागतात, हें खानदेशच्या शेतकऱ्यास डेन्मार्ककडून शिकावयास नको. म्हणून दर खेपेस नवी पिशवी विकत घेणारा गृहस्थ कांहीं साधीत नाहीं. दुकानांत मिळणारी कापडासारखी पिशवी तर पुष्कळदां कापडाची नसतेच. तीहि प्लास्टिकच्याच धाग्यांची असते. विरलेल्या लुगड्याची किंवा जुन्या विजारीची घरीं शिवलेली पिशवी मात्र नवा कापूस मागत नाहीं.

आयर्लंडनें २००२ सालीं बंदी न घालतां दर पिशवीस १५ सेंट कर बसविला, आणि पिशव्यांचा वापर सुमारें नव्वद टक्क्यांनीं उतरला. इतक्या अल्प रकमेनें कोणी दरिद्री होत नाहीं. पण घरीं विसरलेल्या पिशवीची आठवण तेवढ्यानें होते. दुकानदारानें दहावीस रुपये अनामत ठेवून कापडी पिशवी द्यावी व ती परत येतांच पैसे परत करावे, एवढी सोय पेठेपेठेंत झाली, तर मजुराची अडचण पुष्कळशी दूर होईल व भाजीवालीलाहि दंडाचें भय उरणार नाहीं.

राहतां राहिलें सुशिक्षितांचें घर. तेथें अनामतीचीहि गरज नाहीं. दाराजवळ एक खुंटी ठोकावी आणि तिला जुन्या लुगड्याची पिशवी अडकवावी, म्हणजे कायद्याचा त्या घरापुरता भाग पुरा झाला.