डोळ्यांत घालावयाचे मलम : उपयोग व मर्यादा
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत, असे चिटणीसांनी मला सुचविले, तेव्हा हृदयविकार किंवा मधुमेह असा एखादा भारदस्त विषय मी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी औषधांच्या डब्यात किंवा फ्रिजच्या दारात अर्धी पिळलेली एक लहानशी ट्यूब पडलेली असते. घरात कोणाचाही डोळा लाल झाला की प्रथम तिचा शोध होतो. या ट्यूबमधील प्रतिजैविक मलम हाच माझा आजचा विषय आहे. औषध म्हणून ते उत्तम आहे. मात्र घरातील तूपमिठाप्रमाणे सर्वांनी मिळून वापरावयाची ती वस्तू नव्हे.

या औषधांचे आपल्यावर उपकार फार आहेत. आजही डोळ्यांसाठी वापरले जाणारे क्लोरँफेनिकॉल हे १९४७ साली व्हेनेझुएलातील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हाती आले, आणि पुढच्याच वर्षी टेट्रासायक्लीन वर्गातील पहिले औषध निघाले. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी खुपऱ्यांनी कित्येकांची दृष्टी जात असे. १९६३ साली भारत सरकारने खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. या रोगावर १ टक्का टेट्रासायक्लीनचे मलम दिवसातून दोनदा, सलग सहा आठवडे घालण्याचा उपचार जगभर रूढ आहे. २०२४ साली, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग भारतातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. यात स्वच्छ पाण्याचा वाटा मोठाच. तथापि मलमाचा वाटाही लहान नाही.

आता ‘डोळे येणे’ या नित्याच्या विकाराकडे वळू. या एकाच नावाखाली आपण निरनिराळे विकार घालतो. जीवाणूंमुळे डोळे आले तर घट्ट, पिवळसर पू येतो आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. विषाणूंमुळे आले तर बहुधा पाणी वाहते व पुष्कळदा सर्दी किंवा घसादुखी सोबत असते. दोन्ही डोळ्यांना खाज फार सुटत असेल तर वावडे असण्याचा संभव अधिक. प्रतिजैविक मलम केवळ जीवाणूंना मारते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात घरोघर डोळ्यांची साथ पसरली, ती मुख्यतः विषाणूंची होती. अशा साथीत हात धुणे आणि टॉवेल व उशी वेगळी ठेवणे यांचाच उपयोग अधिक. लग्नघरी पन्नास पाहुण्यांना मिळून दोन टॉवेल टांगण्याची आपली रीत साथीच्या दिवसांत तरी सोडावी, अशी यजमानांस माझी विनंती आहे!

याहून गंभीर गोष्ट मलमाच्या नावांतील घोटाळ्याची आहे. काही ट्यूबमध्ये प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी एखादे नाव वेष्टनावर दिसले तर ते मलम स्टेरॉइडयुक्त समजावे. नेत्रवैद्याच्या देखरेखीखाली त्याचाही उपयोग आहे. पण आपल्या मनाने घातल्यास ते लाली व वेदना दडपते आणि आतील रोग मात्र वाढू देते. आमच्याकडे एक वयस्कर शेतकरी आले होते. उसाचे पाते डोळ्याला लागले म्हणून, नातवासाठी आणलेले असेच उरलेले मलम त्यांनी आठ दिवस घातले. प्रथम बरे वाटले. पुढे बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. उसाचे पाते, भाताचे कुसळ, लाकडाचा कपचा यांनी झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचे भय असते. बुरशीवर हे प्रतिजैविक चालत नाही, आणि स्टेरॉइडने तर ती फोफावते. त्यांचा डोळा राहिला, परंतु त्यावर फूल पडले ते कायमचेच. स्टेरॉइड दीर्घकाळ घातल्याने डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो, हेही ध्यानात ठेवावे. औषधाच्या वेष्टनावरील उभी तांबडी रेघ म्हणजे ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये’ ही सूचना होय. दुकानदार देतो, म्हणून ते औषध निर्धोक ठरत नाही.

डॉक्टरांनी मलम लिहून दिले म्हणजे ते घालावे कसे? प्रथम साबणाने हात धुवावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने पू नाकाकडून कानाकडे पुसावा; दोन्ही डोळ्यांना एकच बोळा कदापि वापरू नये. खालची पापणी बोटाने हलकेच ओढून दृष्टी वर करावी आणि पापणीच्या आतील खोबणीत सुमारे १ सेंटिमीटर लांबीची मलमाची रेघ सोडावी. ट्यूबचे तोंड पापणीला, बुबुळाला वा बोटाला लागता कामा नये. मग मिनिट-दोन मिनिटे डोळा अलगद मिटून ठेवावा. काही वेळ धुरकट दिसते, यात भिण्याजोगे काही नाही. पण दृष्टी स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नये, चुलीपाशी वा शेगडीपाशी जाऊ नये. थेंबही दिले असतील तर थेंब आधी व मलम पाच-दहा मिनिटांनी घालावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा पूर्ण बरा होईपर्यंत लेन्स लावू नये. दोन दिवसांत आराम पडला तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत. त्वचेचे मलम डोळ्यात घालू नये, कारण ते डोळ्यासाठी निर्जंतुक केलेले नसते.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणे कमी झाले असेल, बुबुळावर पांढरे दिसत असेल, किंवा डोळ्याला काही लागले असेल, तर ट्यूब शोधीत न बसता त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. दोन-तीन दिवस मलम घालूनही उतार नसेल, तरी पुन्हा दाखवावे. महिन्याच्या आतील बाळाच्या डोळ्यांतून पू येऊ लागल्यास एक दिवसही वाट पाहू नये. तो संसर्ग प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला असू शकतो आणि अल्पावधीत दृष्टी नेऊ शकतो. तेथे काजळ, मध किंवा अंगावरचे दूध घालण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांनी मायेने दिला, तरी तो नम्रपणे बाजूस ठेवावा.

आणखी एक. ट्यूब उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा व आजाऱ्याचे नाव घाला. सामान्यतः २८ दिवसांनंतर ती टाकून द्यावी, मग आत मलम कितीही उरलेले असो. वेष्टनावर छापलेली मुदत ही न उघडलेल्या ट्यूबची असते. आज घरी गेल्यावर डबा उघडून पाहिलात, तर दोन-तीन तरी टाकाव्या लागतील असा माझा अंदाज आहे.