चॅनलचं नाव बदललं, पण साल कोण बघणार?

हेडफोन लावलेत ना? मग आजची सुरुवात विलायती चिंचेपासून. आपल्यासाठी विलायत म्हणजे साहेबाचा देश. हाच शब्द इथे राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी बसला, त्याचं 'ब्लायटी' झालं आणि इंग्रज लोक आपल्या मायदेशाला लाडानं ब्लायटी म्हणायला लागले. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये चक्क या नावाचं टीव्ही चॅनल आलं. ते ज्या घराण्यातलं, त्या यूकेटीव्हीची आज गोष्ट. आणि शेवटी माझी एक फजिती.

बीबीसी तिकडे लायसन्स फीवर चालते. घरात टीव्ही बघायचा तर वर्षाला पैसे भरायचे, बदल्यात बीबीसीवर जाहिराती नाहीत. पण कपाटात साठलेल्या हजारो जुन्या कार्यक्रमांचं करायचं काय? १९९२ मध्ये बीबीसी आणि थेम्स टेलिव्हिजन यांच्या जुन्या कार्यक्रमांवर 'यूके गोल्ड' सुरू झालं. मग १९९७ मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेनं फ्लेक्सटेक या कंपनीशी भागीदारी केली आणि आणखी चॅनल्स काढली. त्यातलं माहितीपटांचं चॅनल होतं 'यूके होरायझन्स'. म्हणजे माल बराचसा जुनाच, दुकान नवं, आणि इथे जाहिराती चालतात.

खरी उडी २००२ ची. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू आलं. घरावरचा अँटेना आणि एक बॉक्स एवढ्यावर डिजिटल चॅनल्स दिसायची, महिन्याचं भाडं नाही. त्याच दिवशी 'यूके हिस्ट्री' सुरू झालं. इतिहासाचं अख्खं चॅनल, फुकट! २००४ मध्ये होरायझन्स बंद होऊन त्याच्या जागी 'यूकेटीव्ही डॉक्युमेंटरी' आणि 'यूकेटीव्ही पीपल' आली.

आता गंमत बघा. २००७ मध्ये यांनी आपल्या एका कॉमेडीच्या चॅनलला नाव दिलं 'डेव्ह'. म्हणजे आपण 'पक्या' किंवा 'बाळ्या' ठेवावं तसं. चॅनल जोरात चाललं! मग सगळ्यांचंच बारसं झालं. २००९ मध्ये डॉक्युमेंटरीचं 'ईडन' झालं, पीपलचं 'ब्लायटी', आणि हिस्ट्रीचं 'यस्टरडे'. ब्लायटी २०१३ मध्ये बंदही झालं, त्या जागी 'ड्रामा' आलं. २०१९ मध्ये यूकेटीव्ही पूर्णपणे बीबीसीच्या व्यापारी शाखेकडे गेलं, आणि २०२४ पासून यस्टरडेचं नाव 'यू अँड यस्टरडे' आहे.

नावं बदलली, मालक बदलले. पण पडद्यावर पुन्हा पुन्हा काय दिसायचं? तर 'द वर्ल्ड ॲट वॉर' सारख्या मालिका. दुसऱ्या महायुद्धावरचे २६ भाग, थेम्सनं बनवलेले, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. युद्ध प्रत्यक्ष जगलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बोलतात. आजही अंगावर काटा येतो.

आणि इथेच माझी फजिती झाली. मी ही मालिका फोनवर बघितली, रात्री जागून. नंतर ॲलन ट्युरिंगवरचा 'द इमिटेशन गेम' बघून एक मित्र म्हणाला, जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडले म्हणून दोस्तांना केवढा फायदा झाला! मी छातीठोकपणे म्हटलं, "सोड रे, सिनेमावाले तिखटमीठ लावतात. एवढ्या मोठ्या मालिकेत पाणबुड्यांवर अख्खा भाग आहे, त्यात याचा उल्लेखसुद्धा नाही."

मित्रानं एवढंच विचारलं, "मालिका कधीची आहे?"

बघितलं. १९७३. आणि ब्लेचली पार्कमधलं ते काम, ज्याला 'अल्ट्रा' म्हणायचे, ते जगजाहीर झालं १९७४ मध्ये, विंटरबॉथम यांच्या पुस्तकामुळे. तोवर सरकारी गुपित होतं. म्हणजे मालिकेनं खोटं काही सांगितलं नव्हतं. जे सांगण्याची तेव्हा मुभाच नव्हती, ते त्यात नव्हतं, एवढंच. मूर्ख मी ठरलो, कारण १९७३ मधलं ज्ञान मी आजचं म्हणून वापरत होतो.

माहितीपटाला नवं चॅनल मिळतं, नवा लोगो मिळतो, आता तर नवं थंबनेलही मिळतं. आत जे आहे त्याचं वय मात्र तेवढंच राहतं. यस्टरडे हे नाव त्या मानानं प्रामाणिकच म्हणायचं! आपल्या फोनवर तर अर्ध्या क्लिप्सना नावगावही नसतं.

जुनं बघूच नका, असं मी म्हणत नाहीये. 'द वर्ल्ड ॲट वॉर' जरूर बघा. त्यात बोलणारी बहुतेक माणसं आता पुन्हा भेटणार नाहीत. फक्त बघण्याआधी शेवटच्या श्रेयनामावलीतलं साल शोधा, आणि मगच मित्राशी वाद घाला. माझ्या त्या मित्राला मी अजून चहा देणं लागतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि साल बघत राहा!