भरवण्याआधी एक प्रश्न
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आम्ही उभयता येथे तज्ज्ञ म्हणून नव्हे, एका मुलाचे आईवडील म्हणून उभे आहोत. आमचा मुलगा चौदा महिन्यांचा असताना एका कार्यक्रमात कोणीतरी प्रेमाने त्याला शेंगदाण्याच्या लाडवाचा कण भरवला. काही मिनिटांतच ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले पित्त उठले, आमसुलाचे पाणी लावा. तेवढ्यात त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. आम्ही धावत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले म्हणून आज तो आपल्यासमोर खेळतो आहे.

या विकाराला अन्नाची ॲलर्जी म्हणतात. शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते. येथे 'थोडेसे खाल्ले तर काय होते' हा विचार चालत नाही. भाजल्याने वा शिजवल्याने शेंगदाण्याचा हा धोका जात नाही. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत कूट असतोच. म्हणून आमच्या घरी त्याची पळी, ताट, डबा वेगळा आहे. पाकिटावरील मजकूर वाचल्याशिवाय आम्ही बिस्कीटही देत नाही. अंगणवाडीच्या ताईंना सर्व लिहून दिले आहे.

परंतु भीतीपोटी मुलाचे सगळेच अन्न तोडणे हीही चूक आहे. आम्ही आरंभी दूध, अंडी, मासे सारेच बंद केले आणि मुलाचे वजन घटले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दोष फक्त शेंगदाण्याचा आहे. पूर्वी असे पदार्थ बाळाला उशिरा द्यावेत असा सल्ला असे. लंडन येथे ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो बदलला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या या बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्क्यांना ॲलर्जी आढळली; ज्यांना तो लहानपणापासून नियमित दिला, त्यांच्यात सुमारे ३ टक्क्यांना. मात्र अशा बाळांना तो डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा, आणि अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो घशात अडकतो. ज्याला एकदा त्रास झाला आहे, त्याच्यावर घरी प्रयोग करू नये.

आता समाजाकडे एक मागणे. वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतो. ज्या बाळाला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला खिरीचा एक चमचाही घातक ठरू शकतो. तेव्हा कोणाच्याही लेकराला भरवण्याआधी आईला विचारा, "याला हे चालते ना?" नाही म्हणणाऱ्या आईला गर्विष्ठ समजू नका. विद्यार्थी मित्रांनो, खाल्ल्यानंतर श्वास लागला, आवाज बसला किंवा मूल मलूल झाले, तर गोळी-औषधाची वाट पाहू नका. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेले असल्यास ते लगेच द्या. मुलाला कडेवर आडवे धरून, चालायला न लावता, रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एका आईचे डोळे सगळीकडे पुरत नाहीत. सर्वांनी मिळून लक्ष ठेवले तर असे मूलही पंगतीत सर्वांबरोबर बसेल.