जुन्या वह्या
(बीबी येथील मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत माझ्या ईश्वरविज्ञानाच्या पदविकेच्या वह्या होत्या. ग्रीक क्रियापदे, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र. वीस वर्षांत एकदाही उघडल्या नव्हत्या. पत्नी म्हणाली, "अहो, उद्या रद्दीवाला येईल. ठेवायच्या की द्यायच्या, आज ठरवा."

मला ठरवता येईना, कारण पूर्वी एकदा मी चुकीचे ठरवले होते.

शिकत असताना २००४ च्या उन्हाळ्यात मला सेवेच्या सरावासाठी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यातील सातपुड्याच्या एका वस्तीवर पाठवले होते. तिथल्या एका आजोबांनी मला शेते फिरून दाखवली. कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहाच्या झाडापर्यंत कोण पेरतो, हे मी पेन्सिलीने एका कच्च्या वहीत लिहून घेतले. पुढे घर बदलताना ती वही मी चुलीत घातली. चांगल्या अक्षरातल्या, गुण मिळालेल्या वह्या तेवढ्या जपल्या.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपल्या ताब्यात आहे, हे आदिवासी कुटुंबाला दाखवावे लागते. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. आजोबांचा नातू माझ्याकडे आला. "दादा, तुम्ही तेव्हा लिहून घेतलं होतं ना?"

आजोबा वारले होते, आणि वहीची राख झाली होती. एकट्या त्या वहीवर दावा मंजूर झाला असता असे नाही. पण इतरांच्या आठवणींना तिचा आधार झाला असता. आम्ही पुन्हा घरोघरी फिरून जबाब गोळा केले. दावा अजून प्रलंबित आहे.

मार्च १८१२ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. मराठीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करणाऱ्या विल्यम केरींची कित्येक वर्षांची हस्तलिखिते त्यात जळाली. ते पुन्हा लिहायला बसले, कारण विद्या त्यांच्या डोक्यात होती. माझ्या वहीतले मात्र आजोबांच्या डोक्यात होते.

तुरुंगात असलेला पौल तीमथ्याला झगा आणि पुस्तके आणायला सांगतो, पण विशेष आग्रह चर्मपत्रांचा धरतो (२ तीमथ्य ४:१३). काय महत्त्वाचे, हे त्याने निवडले होते.

मीही निवडले. ग्रीक आणि इतिहास रद्दीत दिले. ते छापील पुस्तकांत मिळते. लोकांनी तोंडी सांगितलेले ज्या दोन वह्यांत होते, त्या ठेवल्या.

तुमच्यापैकी कोणी किंवा तुमच्या आईवडिलांनी सातपुड्यात सेवा केली असेल, तर त्या काळच्या डायऱ्या, फोटो, पावत्या टाकण्यापूर्वी एकदा आम्हाला दाखवा. त्यांत कोणाची तरी शेताची हद्द असेल.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.