दुखणं, झोप आणि मेंदूतलं नेटवर्क

आजचा एपिसोड ऐकायचाय तुम्ही, पण तो आहे तुमच्या आजी-आजोबांसाठी. हेडफोन लावलेत? चला मग.

“गुडघे ठणकतात” आणि “रात्री झोप नाही.” घरातल्या वयस्कर माणसांच्या या दोन तक्रारी आपण वेगवेगळ्या धरतो. एकीवर तेल-मलम, दुसरीवर “वयच झालंय आता.” माझं म्हणणं एवढंच, की मेंदूच्या हिशेबात या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी मेंदूची कनेक्टिव्हिटी म्हणजे काय, ते बघू. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून आमच्याच भाषेत सांगते. समजा दोन सर्व्हर आहेत. मधली वायर दिसत नाही, पण दोघांचा लोड एकाच वेळी चढतो आणि एकाच वेळी उतरतो. म्हणजे यांचं आपसात काहीतरी चालू आहे. 1995 मध्ये अमेरिकेत भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी मेंदूत असंच काहीसं पाहिलं. माणूस एमआरआय मशीनमध्ये नुसता पडून होता, तरी हालचालीचे डावे-उजवे भाग एका लयीत वर-खाली होत होते. पुढे 2001 मध्ये मार्कस रेकल यांच्या टीमने ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली. आपण नुसते बसलेलो असताना मेंदूचे काही भाग जास्त कामात असतात आणि लक्ष देऊन काही करायला घेतलं की शांत होतात.

आता दुखणं. ते तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला क्रॉनिक म्हणतात. 2008 मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जुनाट पाठदुखीच्या लोकांना लक्ष देण्याचं एक सोपं काम दिलं. काम त्यांनी चांगलं केलं, पण जे भाग शांत व्हायला हवेत ते पुरते शांत झालेच नाहीत. जणू बॅकग्राउंडला एक प्रोसेस सतत चालूच.

आणि झोप? 2019 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवलं आणि मग त्वचेला चटका देऊन पाहिला. वेदना नोंदवणारा भाग जास्त पेटला आणि वेदनेला आवर घालणारे भाग थंडावले. ही तरुणांची एका रात्रीची गोष्ट. माझी आजी तर रोज म्हणते, “डोळ्याला डोळा लागला नाही गं.” त्यात वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते आणि या नेटवर्कमधला ताळमेळही थोडा सैल होतो.

दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून आणखी दुखतं. असा हा लूप. पण एक आशेची गोष्ट आहे. आजवरच्या अभ्यासांत दुखण्यामुळे झोप बिघडण्यापेक्षा, झोप बिघडल्याने दुखणं वाढण्याचा धागा जास्त भक्कम दिसतो. म्हणजे लूप तोडायला झोपेकडून सुरुवात करता येते.

मात्र एक लक्षात ठेवा. एकत्र वर-खाली होणं म्हणजे कारण नव्हे. एवढ्यासाठी आजीचा एमआरआय काढायला पळू नका.

मग करायचं काय? डॉक्टरांकडे गेलात की दुखणं आणि झोप, दोन्ही एकत्रच सांगा. झोपेची किंवा गुंगी आणणारी सर्दीची गोळी केमिस्टकडून परस्पर आणू नका, कारण या वयात तोल जाण्याचा, गोंधळल्यासारखं होण्याचा धोका असतो. आधीपासून चालू असलेली गोळी एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने गोळी नाही, सीबीटी-आय ही झोपेची वर्तन-थेरपी सुचवली. त्यातली सोपी सूत्रं: उठायची वेळ रोज एकच, झोप आली की मगच अंथरूण, आणि वामकुक्षी लांबू द्यायची नाही.

आज रात्री घरी फोन लावा. “जेवलीस का?” झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: “आजी, काल रात्री कितीदा उठलीस?” आणि उत्तर शांतपणे ऐका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!