दुधाच्या पिशवीचा कोपरा

२३ मार्च २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. तरी गंगेवर जाऊन पाहा, निर्माल्य पिशवीसकट पाण्यात!

दुधाची पिशवी बंदीत नाही. ती धुऊन भंगारात देता येते. पण आपण कापून टाकतो तो कोपरा? तो कोणी वेचत नाही. पावसात गटारातून नासर्डीत, तिथून गोदावरीत. पुढे बारीक तुकडे होतात, नष्ट मात्र होत नाही.

बँकेतला माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आपली ४० घरं, घरटी रोज दोन पिशव्या धरा. वर्षाला २९,२०० कोपरे. तेव्हा कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबू द्या. हे फक्त भगिनींना सांगत नाही हं. आमच्याकडे सकाळचा चहा मीच करतो.